तलावाचा तळ झाडणारे यंत्र वळते कसे?

नागपूर : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावला, की शहरातील जलतरण तलावांवर गर्दी उसळते. याच दिवसांत वावटळीसोबत धूळ व पालापाचोळा पाण्यात येऊन पडतो. हा कचरा शोषणाऱ्या स्वयंचलित यंत्रात स्वतःची मोटार नसते. मग ते चालते कसे?

लांब नळीने तलावाच्या पंपाला जोडलेले हे यंत्र पंपाच्या ओढीवरच चालते. नळीतील दाब घटताच भोवतालचे पाणी यंत्राला तळाशी दाबून धरते व कचरा गाळणीकडे ओढला जातो. यंत्रातील झडप सतत उघडझाप करते. ती मिटताच वाहत्या पाण्याला अकस्मात अटकाव होतो, तळावरील पकड क्षणभर सैलावते आणि बसलेल्या धक्क्याने यंत्र पुढे सरकते. दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए यांनी १९७४ मध्ये विकसित केलेले ‘क्रीपी क्रॉली’ याच जातीचे. काही यंत्रांत पाण्याचा प्रवाह छोटे चक्र फिरवतो. दंतचक्रे ती गती चाकांना देतात आणि अधूनमधून यंत्राला वळवतात.

झडपेच्या यंत्राला दिशाज्ञान नसते. भिंतीला कड घासली वा नळीचा ताण आला, की ते वळते. नळीला वेटोळ्याचा बाक पडल्यास ते एकाच जागी घिरट्या घालते. त्यामुळे नळी सरळ ठेवणे आवश्यक असते.

यंत्र सुरू असताना कोणीही पाण्यात उतरू नये. नळी काढल्यावर भिंतीतील शोषणमुख झाकलेच पाहिजे. तेथे केस वा हात अडकल्यास जिवावर बेतू शकते. शिवाय, यंत्र गाळ काढते, जंतू मारत नाही. ते काम क्लोरीनचेच.