रस्ता रंगवणारी गाडी : ‘सिटी कनेक्शन’ कसा खेळला जातो

जपानच्या जॅलेको कंपनीने १९८५ साली आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, आणि त्याच वर्षी फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी काढलेला ‘सिटी कनेक्शन’ हा मोटारीचा खेळ असला, तरी त्यात शर्यत नाही, प्रतिस्पर्धी नाही आणि गाठायचे ठिकाणही नाही. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उड्या मारत पुढे सरकायच्या खेळांना प्लॅटफॉर्म खेळ म्हणतात. येथे त्या पातळ्या म्हणजे एकावर एक रचलेले, मध्येमध्ये तुटलेले रस्ते असून, क्लॅरिस नावाच्या तरुणीची होंडा सिटी ज्या तुकड्यावरून जाईल तो तुकडा रंगतो, आणि एकही तुकडा कोरा उरला नाही म्हणजे न्यूयॉर्क संपून लंडनसारखे पुढचे शहर उघडते.

भारतात १९९०च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला ‘टीव्ही गेम’ या नावाने घरोघरी गेल्या, आणि एकाच कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ कोंबलेल्या संग्रहांतून हे छोटे जपानी खेळही पोहोचले. गोव्यातील मुरगावसारख्या बंदराच्या तालुक्यात, जेथे परदेशी जहाजांवर नोकरी करणारे तारवटी, म्हणजे खलाशी, सुटीवर येताना इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊन येत, तेथे असे यंत्र फारसे अपूर्वाईचे नव्हते. मात्र समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो, पट्टी व खाच यांच्यातला संपर्क तुटतो आणि पडदा लुकलुकू लागतो. यावर फुंकर मारण्याचा सर्वमान्य उपाय खरे तर उलटा आहे, कारण श्वासातला ओलावा गंजाला मदतच करतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पट्ट्या पुसणे हाच योग्य मार्ग.

प्रत्यक्ष खेळताना पहिली अडचण अशी की गाडी उभी राहत नाही. खेळाडूच्या हाती दिशा बदलणे, उडी मारणे आणि तेलाचा डबा फेकणे एवढेच असते. त्यामुळे रस्त्यातली फट येण्याआधीच उडीचा क्षण ठरवावा लागतो. मागावर असलेल्या पोलिसांच्या गाड्यांवर तेलाचा डबा फेकला की त्या गरगरतात आणि मग त्यांना धडक देऊन उडवता येते, पण हे डबे रस्त्यातून वेचून साठवावे लागत असल्याने त्यांची उधळपट्टी परवडत नाही. झेंडा घेऊन वाटेत उभ्या राहणाऱ्या मांजरावर मात्र तेल चालत नाही. त्याला धडकले की एक जीव जातो आणि ‘नेको फुंजात्ता’ ही जपानी मुलांच्या तोंडी असलेली धून वाजते. गंभीर पाठलागात असला खट्याळपणा घुसवणे हे त्या काळच्या जपानी खेळांचे वैशिष्ट्यच होय, आणि पार्श्वसंगीतासाठी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या पियानो कॉन्चेर्तोची सुरावट घेणे हाही त्याच वृत्तीचा भाग.

खेळाचा खरा कस शेवटच्या काही तुकड्यांत लागतो. सुरुवातीला जिकडे जावे तिकडे कोरा रस्ता सापडतो, म्हणून नवखा खेळाडू केवळ वेगावर विसंबतो. परंतु पडदा सरकत असल्यामुळे संपूर्ण शहर एकावेळी दिसत नाही, आणि फटीच्या कडेला राहून गेलेला एखादा तुकडा शोधण्यासाठी पोलीस चुकवत पुन्हा फेरी मारावी लागते. सरावलेला खेळाडू म्हणूनच एकेक थर पुरा करत जातो, उडी फटीच्या अगदी काठावरून घेतो, आणि कोणता भाग राहिला याची नोंद मनात ठेवतो. झाडलोट करणारा माणूस कोपऱ्यांपासून सुरुवात करतो, त्याच धोरणाने. वाटेत येणारे तीन फुगे मिळाले की गाडी दुसऱ्या शहरात नेली जाते, ही सवलत मोहक असली, तरी अर्धे शहर तसेच टाकून जाणे नेटाने खेळणाऱ्याला रुचणारे नाही.

चित्रांच्या दृष्टीने हा खेळ आज साधा वाटेल. पण मोटार चालवणे म्हणजे कुणाच्या तरी पुढे जाणे, ही समजूत इतक्या थोड्या साधनांत मोडून काढणारे खेळ त्या पिढीत विरळाच. जॅलेकोच्या खेळांचे हक्क आज जपानमधील ज्या कंपनीकडे आहेत, तिचे नावही सिटी कनेक्शन हेच आहे आणि तिच्या संगीतविभागाचे नाव क्लॅरिस डिस्क.