दगडातील दृष्टान्त : इंग्लंडच्या ग्रामीण चर्चमधील प्राणिप्रतीके

दृष्टान्त हा शब्द मराठीच्या अध्यापकांस नवा नाही. तेराव्या शतकात केसोबासांनी श्रीचक्रधरांचे दृष्टान्त 'दृष्टान्तपाठा'त संकलित केले, तेव्हा सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्यांची रचना सिद्ध झाली. गोष्ट ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहते. तिचा रोख मात्र दार्ष्टान्तिकाने कळतो. हे शेवटचे अंग गळून पडले तर काय होते, याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडच्या खेड्यांतील बाराव्या शतकातील चर्चमध्ये पाहावयास सापडते.

वेल्सच्या सीमेनजीक हेरफर्डशायर परगण्यात किलपेक नावाचे लहानसे गाव आहे. तेथील तांबड्या वालुकाश्माचे चर्च सुमारे ११४० मध्ये उभे राहिले. त्याच्या वळचणीखाली भिंतीबाहेर डोकावणारे आधाराचे दगड ओळीने बसविले असून त्यांपैकी ८५ आजही शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसले आहेत. मेंढ्याचे मस्तक आहे, विचित्र मुखवटे आहेत आणि क्रूस धारण करणारे कोकरूही आहे. कोकरू म्हणजे ख्रिस्त, हे बायबलच्या आधाराने निश्चित सांगता येते. कुत्र्या-सशाविषयी तसा आधार नाही. त्यांवर नाव कोरलेले नाही, की त्यांच्यासंबंधी पाथरवटाने काही लिहून ठेवलेले नाही.

यॉर्क शहराच्या उत्तरेस असलेल्या आल्न या खेड्यात स्थिती निराळी आहे. तेथील चर्चच्या बाराव्या शतकातील दरवाजाच्या कमानीवर वर्तुळांत प्राणी कोरलेले असून त्यांपैकी काहींची लॅटिन नावेही शेजारी दिली आहेत. कोल्हा, बिबळ्या, गरुड, तरस, कॅलाड्रिअस नावाचा पांढरा पक्षी हे प्राणी एकत्र आले की त्यांचा उगम ओळखण्यास वेळ लागत नाही. तो उगम म्हणजे 'फिजिओलोगस' हा ग्रीक ग्रंथ.

ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत, बहुधा अलेक्झांड्रिया येथे, हा ग्रंथ रचला गेला. लॅटिन, सिरियाक, आर्मेनियन, इथिओपियन अशा अनेक भाषांत तो गेला, आणि सेव्हिलच्या इसिडोरच्या ज्ञानकोशातील मजकुराची भर पडून त्यातूनच मध्ययुगीन 'बेस्टिअरी', म्हणजे प्राणिकथाग्रंथ, तयार झाले. त्याची मांडणी आपल्या दृष्टान्तासारखीच आहे : आधी प्राण्याचा 'स्वभाव', मग त्याचा अर्थ. कोल्हा मेल्याचे सोंग घेऊन उताणा पडतो आणि जवळ आलेल्या पक्ष्यांस पकडतो. तो सैतान होय. सिंहाचे बछडे मृत जन्मतात आणि तिसऱ्या दिवशी पित्याच्या श्वासाने जिवंत होतात. हे ख्रिस्ताचे पुनरुत्थान. कॅलाड्रिअस रोग्याकडे पाहील तर रोगी वाचतो, तोंड फिरवील तर मरतो. यांतले प्राणिशास्त्र खोटे आहे, हे निराळे सांगावयास नको. परंतु ग्रंथकर्त्याचे लक्ष प्राण्याकडे नव्हतेच. ते अर्थाकडे होते.

या कथांचे धागे दूरवर पोहोचतात. एकशिंगी पशूचे वर्णन करणारा प्राचीन ग्रीक लेखक टेसिअस त्यास भारतातील प्राणी म्हणतो. आणि कुमारिकेच्या सान्निध्यात वश होणाऱ्या त्या पशूचे नाते काही पंडितांनी ऋष्यशृंगाच्या आख्यानाशी जोडले आहे.

तथापि प्रत्येक दगडात गूढार्थ शोधणे योग्य नव्हे. क्लेअरव्होच्या संत बर्नार्डने सुमारे ११२५ मध्ये मठांतील अशा शिल्पांवर कडक टीका केली. ही माकडे, हे सिंह, ही अर्धमानवी रूपे कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. भिक्षूंचे मन ग्रंथांवरून उडून दगडांत रमते आणि पैसाही व्यर्थ जातो, अशी त्याची तक्रार होती. समकालीन विद्वान धर्मगुरूसही जी रूपे निरर्थक वाटली, त्यांतील काही तरी केवळ कारागिराच्या हौसेची असणार. आपल्याकडील मंदिरांवरील व्याल आणि कीर्तिमुखे पाहतानाही हा विवेक उपयोगी पडतो.

याच्या उलट, अर्थ ठाऊक असलेल्या प्रतीकाकडे केवळ कौतुकाने पाहणेही धोक्याचे आहे. आल्नच्या तरसाचेच घ्या. तो कधी नर तर कधी मादी असतो, अशी समजूत सांगून 'फिजिओलोगस' त्याची तुलना आधी ईश्वरास भजून मग मूर्तींकडे वळलेल्या इस्राएलच्या लोकांशी करतो. दिवसाचा प्रकाश टाळणाऱ्या घुबडाच्या कथेचाही रोख ज्यूंवरच ठेवला गेला. १९९० नव्हे, ११९० च्या मार्च महिन्यात आल्नपासून काही कोसांवरच्या यॉर्क येथे किल्ल्यात आश्रय घेतलेल्या सुमारे १५० ज्यूंचा अंत झाला. १२९० मध्ये राजा पहिला एडवर्ड याने सर्व ज्यूंस इंग्लंडबाहेर घालविले. एका कोरीव तरसाने हे घडविले, असे कोणी म्हणणार नाही. पण एखाद्या समाजाचा दुष्टपणा हा त्याचा 'स्वभाव'च आहे, असे पशूच्या दाखल्याने पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले, की तो समज दगडाइतकाच घट्ट होतो.

कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, घुबड अशुभ हे आपणही वर्गात सहज सांगून जातो. दृष्टान्त शिकविताना त्याचे दार्ष्टान्तिक कोणी, केव्हा आणि कोणास उद्देशून सांगितले, हेही सांगणे अध्यापकाचे कर्तव्य आहे. किलपेकच्या सशाचा अर्थ हरवला, म्हणून तो आज निरुपद्रवी वाटतो. आल्नच्या तरसाचा अर्थ ग्रंथात शाबूत आहे. तो झाकून ठेवण्यापेक्षा उघड वाचणे अधिक हिताचे होय.