ख्रिस्तपुराणाच्या हातप्रती आणि समुदायाची प्रार्थना

डोंबिवलीनजीकच्या कोपर स्थानकीं कल्याणचा लोहमार्ग खालून जातो व वसई-दिवा मार्ग त्यास वरून ओलांडतो. या वरच्या मार्गानें वसईकडे निघालेल्या संशोधकास खाडीपलीकडील साष्टी बेटाचें स्मरण होणें साहजिक आहे. आणि ख्रिस्तपुराणाच्या संबंधांत ‘साष्टी’ हें नांव वाचतांच ती हीच साष्टी, असा ग्रह होण्याचा संभवही तितकाच मोठा आहे. तो ग्रह प्रथम दूर केला पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांची साष्टी ती गोव्याची. रायतूर जींत आहे ती. ठाण्याच्या साष्टीचें पुराण निराळें असून त्याचा उल्लेख पुढें येईल.

स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत ते गोव्यास उतरले व तेथेंच १६१९ त वारले. त्यांचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें गेलें. देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी त्यांनीं १६०८ च्या पत्रांत मागितली होती; परंतु तें घडलें नाहीं, व मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. म्हणजे दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आपणांपर्यंत आला तो केवळ हातप्रतींच्या द्वारें.

ग्रंथाच्या आरंभींच त्याचें प्रयोजन सांगितलें आहे. नवदीक्षितांपैकीं एक ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या ठिकाणीं दुसरें कांहीं द्यावें. वर्ज्य कोणीं केलीं, हें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या मंडळीस केवळ धर्मोपदेश पाहिजे होता असें नव्हे, तो तर नित्य चालूच होता. त्यांस पाहिजे होतें तें एकत्र बसून म्हणावयाचें व ऐकावयाचें पुराण. स्टीफन्स यांनीं ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेंतील ओवी घेतली ती याचसाठीं. पहिल्या तीन चरणांस यमक व चौथा आंखूड, या घडणीमुळें ऐकणाऱ्याचा कान पुढील शब्दाची वाट पाहतो, व म्हणणारा चुकल्यास भोंवतालचे लोक त्यास सांवरूं शकतात. रविवारीं व सणावारीं देवळांत हें पुराण वाचलें जाऊं लागलें, तेव्हां तें एकट्या ग्रंथकाराचें राहिलें नाहीं. समुदायाची ती उपासना झाली.

१६८४ सालीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. गोव्यांतून निघून कानड्यांत वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं मात्र हें पुराण हातानें लिहून जतन केलें. यांची घरांतील भाषा कोंकणी. पुराण तेवढें मराठी. मंगळुरास १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं जी आवृत्ति काढली, ती अशाच हातप्रतींवरून.

ठाणें, वसई व मुंबई या प्रांतांत फ्रांसिस्कु वाझ द गिमाराइंश या पाद्रीचें पुराण रूढ होतें. तें १६५९ सालीं लिस्बन येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. विषय येशूचें दुःखभोग व मरण, आणि भाषा उत्तर कोंकणच्या बोलीस जवळची. स्टीफन्स यांच्या रचनेपुढें हें काव्य फिकें आहे, असेंच आमचें मत आहे. परंतु उपवासकाळांत म्हणावयाच्या ग्रंथाची परीक्षा केवळ काव्यगुणांवरून करणें न्याय्य नव्हे. एकोणिसाव्या शतकांत तें मुंबईस पुन्हा छापलें गेलें, यावरून त्याचे वाचक टिकून होते हें उघड आहे.

आतां संग्राहकांविषयीं. मूळ छापील प्रत नष्ट झाल्यामुळें ‘शुद्ध पाठ’ सिद्ध करण्याची हांव संपादकास सुटते, व त्याहून निराळे पाठ लेखकूचे प्रमाद म्हणून टाकून दिले जातात. हें आम्हांस घातक वाटतें. कोंकणी तोंडांतून मराठी ओवी पिढ्यान् पिढ्या म्हटली गेली असतां एखादें प्रत्ययरूप बदललें, तर त्यांत म्हणणाऱ्यांचा उच्चार उरलेला असूं शकतो. तसेंच समासांतील खुणा, मेणाचे डाग, झिजलेलीं पानें. येशूच्या मरणाच्या अध्यायाचींच पानें अधिक मळलेलीं असतील, तर तीं कोणत्या दिवसांत उघडलीं जात याचा तो पुरावा होय. नव्या बांधणीच्या वेळीं कडा कापून पोथी ‘स्वच्छ’ केली कीं तो पुरावा गेलाच.

लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत या दृष्टीनें मुद्दाम पाहण्याजोगी आहे. ती जस्टिन ॲबट यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उजेडांत आणली. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द आहेत, तेथें हींत पुष्कळदां संस्कृतोद्भव शब्द येतात. मूळ कोणतें, हा वाद ॲबट यांच्यापासून चालत आला आहे. आमच्या मतें त्याच्या आधीं दुसरा प्रश्न विचारावा: ही प्रत कोणत्या मंडळीपुढें म्हणण्यासाठीं लिहिली? ठाणें-वसईकडील कोणा संग्राहकास जुन्या घरांतून रोमन अक्षरांतील ओव्यांचें बाड मिळाल्यास त्यानें प्रथम तें स्टीफन्स यांचें कीं गिमाराइंश यांचें हें ओवी लावून ठरवावें, घराण्याकडून तें कोणत्या प्रसंगीं वाचलें जाई हें लिहून घ्यावें, आणि त्यानंतरच पानें साफ करण्यास हात घालावा.