काचेच्या पेटीतली आमरी : कोणती घ्यावी, कोणती नको



आमरी म्हणजेच ऑर्किड. सह्याद्रीच्या पट्ट्यात आंब्याच्या, ऐनाच्या, फणसाच्या फांदीवर ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून कोयत्यानं खरवडून टाकतात. पण ती बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत शिरून रस ओढतं. आमरी नुसती सालीला धरून बसते. पाणी पावसाचं नि दवाचं घेते, आणि खाणं सालीच्या फटीत साचलेल्या पाल्या-धुळीतून. झाडाचं ती काही खात नाही.

अलीकडे शहरात काचेच्या पेटीत छोटीशी बाग करण्याची हौस वाढली आहे. तिला टेरॅरियम म्हणतात. आत शेवाळ, नेचे आणि वीतभर उंचीच्या आमरी लावतात. काही शेतकरी कुटुंबं, विशेषतः कृषी पर्यटन करणारी, अशा पेट्या स्वतः तयार करू पाहतात. मग एखादा व्यापारी गावात येतो आणि म्हणतो, "रानातली आमरी पोतंभर काढून द्या, पैसे रोख देतो." बंधूंनो, ती देऊ नका आणि स्वतःच्या पेटीसाठीही आणू नका. राखीव जंगलातून परवानगीवाचून झाडं काढणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणं गुन्हा आहे, ही एक गोष्ट. दुसरी अशी की, आपल्या रानातली बहुतेक आमरी काचेच्या पेटीत टिकतच नाही. असं का, ते समजलं की कोणती निवडायची हेही आपोआप समजेल.

काचेच्या पेटीत पाऊस कधी संपत नाही. मातीतून निघालेली वाफ काचेला लागते, तिचं पाणी होतं, ते पुन्हा मातीत येतं. १८२९ साली लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता काही वर्षं जगलं. पुढं अशाच काचेच्या पेट्यांतून, १८५० च्या सुमारास, चीनमधली चहाची रोपं जहाजानं हिंदुस्थानात आली. हे झालं पेटीचं बळ. पण आपल्या सह्याद्रीचं हवामान तसं नाही. इथं चार महिने धो-धो पाऊस आणि नंतर आठ महिने जवळजवळ कोरडे. आपली आमरी या कोरडीला सरावलेली आहे, नव्हे, तिला ती हवीच असते.

डेंड्रोबियम बारबॅट्युलम घ्या. पावसाळ्यात पानं येतात, कांडी जाड होते. पाऊस संपला की पानं झडतात, नुसत्या वाळक्या कांड्या उरतात, आणि हिवाळा सरता सरता त्याच बिनपानाच्या कांडीवर पांढऱ्या फुलांचा घोस येतो. पोरपॅक्स नावाची आणखी एक इवलीशी आमरी आहे. जाळीदार सालीचे, बटणासारखे चपटे कांदे फांदीला चिकटलेले असतात. उन्हाळ्यात ते पाहून वाटतं, मेले. ते मेलेले नसतात, निजलेले असतात. निजलेल्या झाडाला रोज ओल दिली तर काय होणार? चाळीतल्या कांद्यावर पाणी मारल्यावर जे होतं तेच. दिसायला ही जात पेटीसाठीच जन्मल्यासारखी दिसते, म्हणून लोक फसतात. पण काही आठवड्यांत कांदा मऊ पडतो आणि काळा होतो.

आणि रानात तिची भरपाई लवकर होत नाही. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या बारीक. गव्हाच्या दाण्यात कोंभासाठी शिदोरी असते, तशी या बियांत नसते. नेमकी बुरशी भेटली आणि तिनं पोसलं तरच बी रुजतं. तिथून फुलावर यायला पुन्हा काही वर्षं. म्हणून एक फांदी खरवडली की ती फांदी बराच काळ रिकामी राहते.

तेव्हा निवडताना पहिला सवाल हा, की झाड मूळचं कुठलं? बारमाही ओल्या रानातलं असेल तर पेटीला चालेल. झाड बघूनही अंदाज येतो. बुडाशी जाड कांदा किंवा फुगीर कांडी असेल तर त्यानं दुष्काळाची बेगमी केली आहे असं समजा आणि शक्यतो टाळा. याला अपवाद आहेत, पण नवख्यानं अपवादाच्या मागं लागू नये. दुसरा सवाल उष्णतेचा. मासडेव्हालिया, लेपँथेस या दक्षिण अमेरिकेतल्या ढगाळ डोंगरांवरच्या जाती फार देखण्या, चित्र पाहून मोह होतो. पण बऱ्याच जणींना रात्री दहा-पंधरा अंशांचा गारवा लागतो. आपल्या उन्हाळ्यात त्यांचं काम नाही.

नवख्यानं लुडिसियापासून सुरुवात करावी असं आमचं मत आहे. दक्षिण चीन, व्हिएतनाम, मलाया या बाजूची ही आमरी झाडावर नाही, जमिनीवरच्या पालापाचोळ्यात वाढते. पान मखमली, काळपट तांबूस, त्यावर तांब्याच्या तारेसारख्या रेघा. हिवाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांचा दांडा येतो, पण खरी शोभा पानाची. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे उसासारखी तिची कांडी लागते. दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या शेवाळावर आडवा ठेवा, साधारण महिन्या-दोन महिन्यांत पेराला कोंभ दिसतो. एका झाडाची दहा झाडं घरातल्या बाईमाणसालाही करता येतात, रानात जायला नको.

फूलच हवं असेल आणि पेटी उंच असेल तर फिलिपाईन्सकडची फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस. उष्ण प्रदेशातली, कांदा नसलेली, गुलाबी फुलांची. फुलाच्या दांड्यावरच तिला पिल्लं धरतात. मुळं बोटभर झाली की वेगळी करावीत. तैवानची हरेला सगळ्यांत लहान, दोन-तीन इंचांची, लाकडाच्या तुकड्यावर दोऱ्यानं बांधून टांगायची. पण ती मे महिन्यात नाजूक, म्हणून थंड गावांनीच धरावी.

पेटीसाठी मासे ठेवायची जुनी टाकी चालते. तळाशी दोन इंच कोळशाचे आणि विटांचे तुकडे घाला, म्हणजे जास्तीचं पाणी खाली राहील. लुडिसियाला कुजलेला पाला, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा. पाला आधी उन्हात चांगला तापवून घ्या, नाही तर मुंग्या आणि गोगलगायी बरोबर येतात. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं. विहिरीच्या जड पाण्यानं पानावर पांढरे डाग पडतात. लाकडावरच्या आमरीची मुळं चांदीसारखी पांढरी दिसली तर फवारा मारा, हिरवी असतील तर थांबा. सकाळी तासभर झाकण थोडं सरकवून वारा द्या. खत म्हणाल तर १९:१९:१९ लिटरला पाव ग्रॅम, तेही पंधरा दिवसांनी. पिकाचं प्रमाण इथं लावू नका. आणि पेटी उन्हात कधीच ठेवू नका, बंद काचेत ऊन म्हणजे भट्टी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ती माजघरात जमिनीवर, खाली ओलं पोतं घालून ठेवावी.

रोप विकत घेताना प्रयोगशाळेत वाढलेलं की रानातलं, हे विचारा आणि बघाही. प्रयोगशाळेतली रोपं एकसारखी, एका वयाची असतात, मुळं कुंडीच्या आत वळलेली. रानातल्याला सालीचा तुकडा, दगडफूल चिकटलेलं असतं, मुळं तुटलेली असतात, पानं किडीनं खाल्लेली. तसलं फुकट मिळालं तरी नको.

वादळात तुमच्याच बांधावरची फांदी पडली आणि तिच्यावर आमरी असली तर मात्र तिला टाकू नका. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास आंबा, फणस किंवा ऐन अशा खरबरीत सालीच्या झाडावर, सावलीच्या अंगाला, केळीच्या सोपटानं ती घट्ट बांधा. पेरूवर बांधू नका, त्याची साल सुटून येते. नवी मुळं सालीला धरली की सोपट आपसूक कुजून गळतं.