यादवीचे मूळ आणि बोलपटातील हिरा

एकाच देशातील माणसे परस्परांवर शस्त्र धरतात, तेव्हा आपण त्याला 'यादवी' म्हणतो. कथा सर्वांना ठाऊक आहे. शापित मुसळाच्या चुऱ्यातून लव्हाळी उगवली आणि प्रभासक्षेत्री यादवांनी तीच उपटून एकमेकांचे प्राण घेतले. परंतु भांडणाला तोंड फुटले ते सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात, आणि वैर होते कुरुक्षेत्रावरचे. लव्हाळी हाताशी होती, एवढेच. आजच्या यादवीवरील बोलपट पाहताना हाताशी असलेली वस्तू कोणती आणि वैराचे मूळ कोणते, हा भेद करावा लागतो.

एकच उदाहरण घेऊ. एडवर्ड झ्विक यांचा 'ब्लड डायमंड' हा बोलपट २००६ साली आला. त्याची कथा पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन देशात, १९९९ साली घडते. तेथील यादवी मार्च १९९१ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २००२ मध्ये संपली. सुमारे पन्नास हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. बोलपटातील सॉलोमन हा साधा मच्छीमार. बंडखोर त्याला हिरे खणायला जुंपतात आणि त्याच्या कोवळ्या मुलाच्या हाती बंदूक देतात.

यात खरे पुष्कळ आहे. माणसांचे हात तोडले गेले, पोरांना पळवून शिपाई बनवले गेले, हिरे लायबेरियामार्गे बाहेर गेले. काही चुकाही आहेत. दक्षिण आफ्रिकेची भाडोत्री लष्करी कंपनी १९९७ सालीच देश सोडून गेली होती. बोलपटात १९९९ साली तसेच भाडोत्री सैन्य लढताना दिसते. १९९७ च्या मे महिन्यात तर देशाच्याच लष्करातील एका गटाने सत्ता बळकावून बंडखोरांना राजधानीत बोलावले. दिवसा शिपाई आणि रात्री बंडखोर, असा तो प्रकार होता. हा गुंता बोलपट उकलून दाखवीत नाही.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. प्रेक्षक बाहेर पडतो तो हे युद्ध हिऱ्यामुळे झाले, असे समजून. हिरा तेथे १९३० साली सापडला आणि युद्ध १९९१ साली पेटले. मधली साठ वर्षे हिरा तोच होता! त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितले की, हिऱ्याने युद्धाला खाद्य पुरवले, पण मूळ होते राज्यकर्त्यांच्या हावरेपणात, लाचखोरीत आणि वशिलेबाजीत.

हे राज्यकर्ते कोण? येथे आम्हा कामगार चळवळीतील माणसांना मान खाली घालावी लागते. सियाका स्टीव्हन्स हे खाणकामगारांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. १९६८ ते १९८५ सत्ता त्यांच्या हाती होती. १९७८ साली त्यांनी एकपक्षीय राजवट आणली. १९८१ साली कामगार महासंघाने देशव्यापी संप पुकारला, तेव्हा आणीबाणी जाहीर करून त्यांनी पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यांच्या कारकिर्दीतच देशाची सरकारी रेल्वे बंद पडली. पुढे मोमोह यांच्या अमदानीत शिक्षकांचे पगार थकले. खेड्यात वंशपरंपरेचे मुखिये तरुणांना जबर दंड ठोठावीत. खाणीवरचा मजूर तांदळावर आणि सापडलेल्या खड्यातील लहानशा वाट्यावर राबे. अशा तरुणाला तक्रारीसाठी ना मतपेटी उरली, ना संघटना. या कारणांनी हात तोडणाऱ्याचा गुन्हा तिळमात्र कमी होत नाही. मात्र त्याला साथीदार एवढे सहज का मिळाले, हे त्यावाचून समजत नाही.

बोलपटाची अडचणही समजून घेतली पाहिजे. त्याच्यापाशी दोन-सव्वादोन तास असतात. हिरा मुठीत धरून दाखवता येतो. सतरा वर्षांचा कारभार तसा दाखवता येत नाही. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे, हे सॉलोमनचे स्वप्न पडद्यावर येते, परंतु अशा मुलांच्या मास्तरांचा थकलेला पगार येत नाही.

याचा परिणाम केवळ करमणुकीपुरता राहत नाही. जसे निदान, तसे औषध. २००३ साली सुरू झालेल्या किंबर्ली व्यवस्थेत कच्च्या हिऱ्याला दाखला लागतो. तो दाखला एवढेच सांगतो की, या मालाचा पैसा बंडखोरांच्या युद्धाला गेलेला नाही. खणणाऱ्याला मजुरी किती मिळाली, हे त्यात कोणी विचारीत नाही. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू आपल्या शेजारच्या सुरतेत पडतात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईत चालतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

म्हणून श्रोतेहो, असे बोलपट अवश्य पाहावेत. दूरच्या माणसाचे दुःख ते जवळ आणतात. पण घरी परतताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिली गोळी सुटण्याआधी दहा वर्षे या देशात काय चालले होते? आणि ज्यांनी त्या वेळी बंदुकीवाचून दाद मागितली, त्यांचे काय झाले? सिएरा लिओनपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९८१ सालचा तो संप आहे, आणि दुसऱ्याचे, त्याच्या पुढाऱ्यांना झालेली अटक.