नियम बदलला, हे सांगायचे कोणी?

दारू आणि बंदूक या दोन धंद्यांवर सरकारचा वचक असावा, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद रंगतो तो नियम किती कडक असावेत यावर. नियम बदलला की तो परवानाधारकापर्यंत केव्हा आणि कोणत्या भाषेत पोचतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. खरे तर तो आधी विचारायला हवा. जो नियम मोडल्याबद्दल सरकार एखाद्याचा परवाना काढून घेऊ शकते, प्रसंगी त्याला तुरुंगात धाडू शकते, तो नियम वेळेत, सोप्या शब्दांत आणि एका तोंडाने सांगणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, जबाबदारी आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जे घडले, त्यातून हे स्पष्ट दिसते.

तिथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि १९३५ च्या कायद्याने दारूचे परवाने व लेबले केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आली. बंदुकांसाठी १९३४ आणि १९६८ चे कायदे आहेत. २००३ पर्यंत या दोन्ही धंद्यांचा कारभार अर्थखात्यातल्या ‘एटीएफ’ या एकाच कार्यालयाकडे होता. मग वाटणी झाली. बंदुका आणि गुन्ह्यांचा तपास न्याय खात्याकडे गेला. दारू-तंबाखूचे कर, परवाने आणि दारूची लेबले अर्थखात्यातल्या ‘टीटीबी’ या नव्या कार्यालयाकडे राहिली. पण बंदुका आणि काडतुसांवरचा १० ते ११ टक्के अबकारी कर आजही टीटीबीच वसूल करते. म्हणजे बंदुका बनवणाऱ्याला परवान्यासाठी एक दार आणि करासाठी दुसरे. नियमांचा बारकावाही मोठा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर आरोग्याचा इशारा किमान २ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवा. त्याचे पहिले दोन शब्द ठळक हवेत, उरलेला मजकूर ठळक चालत नाही. नाशिकची वाइन अमेरिकेत विकायची, तर तिच्या लेबलालाही तिथल्या आयातदाराला टीटीबीची मंजुरी घ्यावीच लागते. मोठ्या कंपन्या अशा कामासाठी वकील बाळगतात. चार माणसांच्या डिस्टिलरीत मालकच सगळे वाचतो, तेही रात्री, काम आटोपल्यावर.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सॅनिटायझरचा तुटवडा पडला, तेव्हा टीटीबीने झटपट परिपत्रक काढून डिस्टिलऱ्यांना वेगळ्या पूर्वपरवानगीशिवाय सॅनिटायझर बनवण्याची मुभा दिली. शेकडो डिस्टिलऱ्या कामाला लागल्या. अनेकांनी तो रुग्णालयांना आणि पोलिसांना फुकट वाटला. डिसेंबरच्या अखेरीस अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की सॅनिटायझर हे औषधात मोडते, म्हणून अशा प्रत्येक उत्पादकाने १४ हजार डॉलरांहून अधिक शुल्क भरावे. शुल्काची तरतूद मार्चमध्येच झालेल्या कायद्यात होती. ती आपल्याला लागू होईल, याची मदतीला धावलेल्या कितीतरी डिस्टिलऱ्यांना कल्पनाही नव्हती. ओरड झाली आणि ३१ डिसेंबरला आरोग्य खात्याने ती वसुली थांबवली. निर्णय योग्यच होता; पण एका कार्यालयाने ‘बनवा’ म्हटले तेव्हाच दुसऱ्याने ‘हे शुल्क लागेल’ असे सांगितले असते, तर ही वेळच आली नसती.

बंदुकांच्या बाबतीत तर प्रश्न थेट तुरुंगाचा असतो. ‘बंप स्टॉक’ हा रायफलीला जोडायचा दस्ता. त्याने अर्धस्वयंचलित रायफल मशिनगनसारखी भराभर झाडता येते. एटीएफ आधी त्यातल्या अनेक प्रकारांना मशिनगन मानत नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासच्या गोळीबारात ६० जणांचा जीव गेला आणि एटीएफने अर्थ फिरवला: मार्च २०१९ पासून हा दस्ता बाळगणे गुन्हा, तो नष्ट करा किंवा सरकारजमा करा. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियमच रद्द ठरवला. बंदी आवश्यक होती, असे मला वाटते. म्हणूनच ती जुन्या कायद्याचा नवा अर्थ लावून नव्हे, तर संसदेकडून स्पष्ट शब्दांत यायला हवी होती.

यावर कुणी म्हणेल, घातक वस्तूंचा धंदा करणाऱ्याने कायदा माहीत करून घ्यावा. अज्ञान ही सबब नव्हे. अगदी मान्य. पण जिथे सरकारी कार्यालयांचेच एकमेकांत जुळत नाही, तिथे हे तत्त्व दुबळ्याच्या डोक्यावर बसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नियामक आणि व्यावसायिक यांच्यात फार संवाद झाला की साटेलोटे होते, आणि किंमत जनता मोजते. दारू आणि बंदुकीच्या लॉबीची ताकद पाहता ही भीती खरी आहे. त्यावर उपाय संवाद तोडणे हा नव्हे, तो उघड्यावर आणणे हा आहे. अमेरिकेत १९४६ च्या कायद्यानुसार नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, आणि त्या कुणीही नोंदवू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये टीटीबीने बाटलीवर उष्मांक आणि ॲलर्जीकारक घटक छापण्याचा प्रस्ताव मांडला, तोही याच वाटेने. नियम अंतिम झाल्यावर अंमलासाठी ५ वर्षांची मुदत त्यात सुचवली आहे.

हीच पद्धत रास्त आहे. प्रत्येक बदलासोबत तो कुणाला लागू, कधीपासून, का, आणि शंका आल्यास कोणते एक कार्यालय लेखी उत्तर देईल, हे सरकारने छापावे. ते छापल्यावर नियम मोडणाऱ्याची गय करू नये.