हरवलेल्या महिन्याचा हिशेब

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कालावधी साठवायला ‘इंटरव्हल’ हा प्रकार आहे. पूर्वी त्यात महिने वेगळे आणि उरलेलं सगळं सेकंदांत असे. दिवस म्हणजे चोवीस तास, हे गृहीतच. पण युरोप-अमेरिकेत घड्याळं पुढेमागे करतात, तेव्हा एखादा दिवस तेवीस किंवा पंचवीस तासांचा भरतो. आपल्याकडे ती पद्धत नसल्यामुळे ही अडचण इथे बसून सहज जाणवत नाही. २००५ साली ८.१ आवृत्तीत दिवसांना स्वतंत्र खण मिळाला.

सेकंद तेव्हा सहसा ‘फ्लोट’ या द्विमान अपूर्णांकाच्या प्रकारात असत. द्विमान पद्धतीत ०.१ तंतोतंत लिहिता येत नाही, जसा दशमानात एक तृतीयांश लिहिता येत नाही. त्यामुळे २००९च्या ८.४पासून पूर्णांक मायक्रोसेकंद हा नेहमीचा मार्ग झाला, आणि २०१७ साली फ्लोटचा पर्याय काढूनच टाकला.

तरीही कालावधी वाचून घेणारा कोड कच्चाच राहिला. ‘१.९९ वर्षं’ दिली की ०.९९ गुणिले बारा म्हणजे ११.८८ महिने होत. कोड दशांशानंतरचं छाटून ‘१ वर्ष ११ महिने’ सांगे. जवळजवळ अख्खा महिना गायब, आणि चूक झाल्याचा संदेशही नाही. २०२२च्या पंधराव्या आवृत्तीपासून उत्तर येतं २ वर्षं.

त्याच आवृत्तीतली दुसरी दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते. मायक्रोसेकंदांच्या ६४ बिटांत सुमारे २५६ कोटी तास मावतात. पण वाचलेला कालावधी आधी सी भाषेच्या ‘टीएम’च्या धर्तीवरच्या रचनेत भरला जाई. ती तारीख-वेळेसाठी घडवलेली, तिचा तासांचा खण २१४ कोटींवर संपतो. म्हणजे कोठार मोठं, दार अरुंद. शिवाय मोठे आकडे मर्यादा ओलांडत तेव्हा भलतंच उत्तर निमूटपणे साठवलं जाई. आता कालावधीसाठी वेगळी रचना केली, आणि आकडा मावत नसेल तर तसं स्पष्ट सांगितलं जातं. चुकीच्या उत्तरापेक्षा नकार शतपटींनी बरा, असं मी ठामपणे म्हणेन. दुर्दैवाने आतल्या फंक्शनांचं रूप बदलल्यामुळे ही दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांत नेली गेली नाही.

२०२४च्या सतराव्या आवृत्तीत इंटरव्हलला ‘अनंत’ हे मूल्य मिळालं. महिने, दिवस, मायक्रोसेकंद हे तिन्ही खण त्यांच्या कमाल आकड्याने भरलेले असले, की तो कालावधी अनंत समजायचा.